झालेलं काम झाल्या तारखेला

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामाला शेवट नसतो. विजेचं बिल भरलं की पुढचं येतं, नारळ पाडून झाले की अडीच-तीन महिन्यांनी पाडेल्याला पुन्हा निरोप धाडावा लागतो, आणि कुळागराचं, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेचं, शिंपणं तर आजोबांच्या आधीपासून चालूच आहे. पण त्यातली प्रत्येक खेप कुठल्या तरी एका दिवशी पुरी होते. त्या दिवशी पाऊस होता की ऊन, कोण माणसं आली, किती पैसे दिले, काय राहून गेलं, ही माहिती फक्त त्या खेपेची असते. ती कुठे ठेवायची, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. माझ्या मते ती ज्या दिवशी काम झालं त्या तारखेखाली ठेवावी आणि काम मात्र यादीत जिथल्या तिथे राहू द्यावं.

मी पणजीला हिशेबाचं काम करते. घर आणि कुळागर सावईवेऱ्याला. आठवडाभर कुळागर बाबा बघतात, शनिवार-रविवार मी असते. घरची, कुळागराची आणि ऑफिसची सगळी कामं मी ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममधल्या ऑर्ग मोडमध्ये ठेवते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑर्ग म्हणजे साध्या मजकुराची फाइल. ओळीच्या सुरुवातीला चांदणी दिली की मथळा होतो, मथळ्याला कामाची स्थिती आणि तारीख जोडता येते. कार्स्टन डोमिनिक या नेदरलँड्समधल्या खगोलशास्त्रज्ञाने हे २००३ मध्ये स्वतःच्या कामासाठी लिहायला घेतलं आणि पुढे ते ईमॅक्सचाच भाग झालं. फाइल मजकुराच्या कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडते, शोधता येते, आणि उद्या एखादी कंपनी बंद पडली म्हणून माझी कामं बुडत नाहीत. मला त्याहून आवडतं ते हे की स्थितीचे शब्द आपले आपण ठरवता येतात. माझ्या फाइलीत कामं 'करायचं', 'झालं' आणि 'राहिलं' अशीच असतात, मराठीत. ईमॅक्स २७ मध्ये, म्हणजे २०२० साली, हार्फबझ हे अक्षरं जुळवून दाखवणारं साधन आलं आणि देवनागरी जोडाक्षरं नीट दिसू लागली, तेव्हापासून मी सगळं मराठीतच लिहिते. तारखेचे आकडे तेवढे इंग्रजी अंकांत द्यावे लागतात, देवनागरी अंक ऑर्गला तारीख म्हणून कळत नाहीत. इथे वाचायला बरं म्हणून मी ते देवनागरीत लिहितेय.

ऑर्गमध्ये तारखेला आवर्तन, म्हणजे काम पुन्हा किती दिवसांनी यायचं ते, जोडता येतं आणि ते तीन तऱ्हेचं असतं. नुसतं अधिक चिन्ह दिलं तर पुढची तारीख ठरलेल्या तारखेपासून मोजली जाते. दोन अधिक चिन्हं दिली तर तशीच मोजली जाते, पण ती आजच्या पुढे जाईपर्यंत सरकते, म्हणजे मधल्या चुकलेल्या खेपा डोक्यावर बसत नाहीत. आणि अधिकाच्या आधी टिंब दिलं तर काम झालं म्हणून नोंदवल्या दिवसापासून मोजली जाते. विजेच्या बिलाला पहिलं किंवा दुसरं. फवारणीला तिसरंच हवं, कारण औषधाचा असर फवारल्या दिवसापासून सुरू होतो, आपण कॅलेंडरवर काय ठरवलं होतं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

फवारणीबद्दल जरा विस्ताराने सांगते, कारण तारखेचं मोल मला तिथेच कळतं. पोफळीला पावसाळ्यात कोळेरोग येतो. कोवळी सुपारी काळी पडून गळते आणि एकदा तो पसरला की हातात फारसं काही उरत नाही. त्यावर बोर्डो मिश्रण मारतात. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद ५० लिटर पाण्यात वेगळा विरघळवायचा, चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये वेगळा कालवायचा, आणि मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचं. भांडी प्लास्टिकची, लोखंडाची मुळीच नाहीत. आकाशी रंग आला की त्यात लोखंडी सुरी बुडवून बघायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घालायचा. तयार झालेलं त्याच दिवशी संपवायचं. पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी, दुसरी त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी, आणि पाऊस लांबला तर आणखी एक.

आता बघा, या कामात किती गोष्टी दर खेपेला वेगळ्या असतात. चुन्याची प्रत एकसारखी नसते, म्हणून चुना कधी सव्वा किलो लागतो. चढायला येणारा माणूस कधी एकटा येतो, कधी भावाला घेऊन येतो. पाऊस मध्येच येऊन अर्धं काम धुऊन नेतो. आणि दर वर्षी मे महिन्यात तोच माणूस मला विचारतो, "बाय, फाटल्या वर्सा केन्ना मारिल्लें?" म्हणजे मागच्या वर्षी कधी मारलं होतं. या प्रश्नाला नेमकं उत्तर देता आलं पाहिजे. 'मेच्या शेवटाला असेल' हे उत्तर पुरत नाही, कारण त्यावर त्याचे पुढचे आठ दिवस ठरतात. इतरांची कुळागरंही त्यालाच करायची असतात.

ऑर्ग या माहितीचं आपणहून काय करतं? आवर्तन असलेल्या कामाला 'झालं' म्हटलं की तारीख पुढे सरकते, स्थिती पुन्हा 'करायचं' होते, आणि अमुक दिवशी अमुक वाजता झालं अशी एक ओळ कामाच्या आत टाकली जाते. तसं सांगून ठेवलं तर ती लॉगबुक नावाच्या कप्प्यात जाते, नाहीतर उघड्यावर. म्हणजे इतिहास जातो कामाच्या पोटात. काही काळ ठीक चालतं. मग लॉगबुक लांबतं, फाइल जड होते, आणि खरी अडचण तर वेगळीच निघते: वेगळं काही सांगून ठेवलं नसेल तर लॉगबुकात फक्त वेळ असते. त्या दिवशी मी कामाखाली लिहिलेलं (चुना किती, मजुरी किती, खालच्या पाटाकडच्या पोफळी राहिल्या) ते मजकुरातच पडून राहतं आणि पुढच्या खेपेच्या टिपणात मिसळतं. दोन वर्षांनी वाचलं तर कुठलं वाक्य कुठल्या खेपेचं ते कळत नाही.

बरं, आर्काइव्ह करावं तर आवर्तनाच्या कामाला तेही लागू पडत नाही. कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एस दाबलं की अख्खं काम उचलून संग्रहाच्या फाइलीत जातं, पुढच्या तारखेसकट. एकदाच करायच्या कामाला ते उत्तम. घरपट्टीची जुनी पावती शोधून काढायची होती, काढली, संपलं, गेलं संग्रहात. संग्रहाची जागा सांगताना 'डेटट्री' लिहिलं तर ऑर्ग ते काम वर्ष, महिना, दिवस अशा उतरत्या मथळ्यांखाली नेऊन ठेवतं, आणि कुठला दिवस ते काम बंद केल्याच्या तारखेवरून ठरवतं. ती तारीखच नसेल तर आर्काइव्ह केल्याचा दिवस धरतं. आवर्तनाच्या कामावर मात्र बंद केल्याची तारीख टिकतच नाही, कारण ते लगेच पुन्हा उघडतं. म्हणजे हवी ती सोय समोर आहे, पण आपल्या कामाला ती मिळत नाही.

साध्या मजकुराच्याच दुसऱ्या एका पद्धतीत ही गोष्ट सरळ आहे. जीना ट्रापानी यांच्या टुडू-टीएक्सटीमध्ये झालेल्या ओळीपुढे फुली आणि तारीख येते, आणि आर्काइव्ह केलं की ती ओळ वेगळ्या 'डन' फाइलीत जाते. आवर्तनाची सोय मूळ पद्धतीत नाही, पण काही अ‍ॅपांनी ती जोडलीय, आणि तिथे काम झालं की नवी ओळ तयार होते, जुनी फुली मारून तशीच राहते. प्रत्येक खेप वेगळी ओळ. मला हेच हवं होतं, फक्त ऑर्ग सोडायचं नव्हतं.

ऑर्गमध्ये यावर एक तयार तोड आहे: एकाच कामाच्या पुढच्या तारखांच्या अनेक प्रती आधीच काढून ठेवायच्या. कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स आणि नुसतं सी. प्रतींमधून आवर्तन आपोआप निघतं, म्हणून प्रत्येक प्रत एकटी बंद होते आणि तारखेखाली नीट जाते. बिलांसाठी हे छान आहे. फवारणीला चालत नाही, कारण पुढची तारीख मागची फवारणी खरोखर कधी झाली यावर अवलंबून असते, ती आधी ठाऊकच नसते.

म्हणून मी एक छोटं फंक्शन लिहिलं आणि स्थिती बदलल्यावर चालणाऱ्या हुकला, म्हणजे आपला कोड अडकवायच्या ऑर्गमधल्या जागेला, जोडलं. ज्यांना स्वतः करायचंय त्यांच्यासाठी त्याचा क्रम सांगते. हा हुक चालतो तेव्हा स्थिती 'झालं' झालेली असते, पण आवर्तनाने तारीख अजून पुढे ढकललेली नसते. ही फट फार उपयोगाची आहे, कारण त्या क्षणी ठरलेली तारीख आणि झालेली तारीख दोन्ही हाताशी असतात. फंक्शन आधी बघतं की कामाला आवर्तन आहे का. नसेल तर काहीच करत नाही. असेल तर सगळ्या मजकुरासकट कामाची प्रत घेतं, प्रतीतल्या तारखेवरचं आवर्तन पुसतं, जुनं लॉगबुक काढून टाकतं, बंद केल्याची तारीख घालतं, आणि संग्रहाच्या फाइलीत त्या दिवसाचा मथळा शोधून (नसेल तर करून) त्याखाली चिकटवतं. मग मूळ कामातली टिपणाची जागा मोकळी करतं. पुढचं ऑर्ग नेहमीप्रमाणे करतं. कामाला ओळख-क्रमांक दिलेला असेल तर प्रतीतून तो काढायलाच हवा. एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी झाल्या की दुवे भलतीकडेच उघडतात.

आणखी एक गोष्ट मी त्यात घातलीय: तारीख विचारण्याची. गुरुवारी बाबांनी नारळ पाडून घेतले तर मी ते नोंदवते शनिवारी. नोंद गुरुवारचीच पडली पाहिजे. ऑर्गमध्ये 'काल झालं' असं नोंदवण्याची वेगळी आज्ञा आहे, पण ती कालपुरतीच. माझं फंक्शन तारीख विचारतं, नुसतं एंटर दाबलं तर आजची धरतं, 'वजा दोन दिवस' असं आकड्यात दिलं तर तेही कळतं. टिंबवालं आवर्तन मात्र मी नोंदवते त्याच दिवसापासून मोजतं, म्हणून उशिरा नोंदवलं की पुढची तारीख मी हाताने मागे आणते. शिफ्ट आणि खालचा बाण, दोनदा. एवढं हाताने करायला माझी हरकत नाही.

२०२५ चा मे गोव्यात कोणी विसरणार नाही. मान्सून २४ मे रोजी केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत पोचलासुद्धा, आपण मधल्या मध्ये. एरवी जूनचा पहिला आठवडा धरून चालणाऱ्यांची त्या वर्षी तारांबळ उडाली. आमच्या कुळागराच्या वरच्या भागाची फवारणी १८ मेच्या रविवारी झाली होती, पाटाखालचा भाग पुढच्या रविवारसाठी ठेवला होता, आणि तो रविवार पाण्यात गेला. जूनच्या सुरुवातीला उघडीप मिळाली तेव्हा ८ जूनला खालचा भाग केला. मी लगेच त्या कामाचे दोन मथळे केले, वरचा भाग आणि खालचा भाग, कारण पुढचे ४५ दिवस आता दोघांचे वेगळे मोजायचे होते: वरच्याचे २ जुलैला भरत होते, खालच्याचे २३ जुलैला. संग्रहात ते असं दिसतं:

२०२५
— २०२५-०५ मे
—— २०२५-०५-१८ रविवार
——— झालं: बोर्डो, वरचा भाग. सुरीवर तांबूस आलं, चुना वाढवला. संध्याकाळी ढग, पाऊस नाही.
— २०२५-०६ जून
—— २०२५-०६-०८ रविवार
——— झालं: बोर्डो, खालचा भाग. सकाळी पानं ओली, दहानंतर सुरुवात. पाटाकडच्या काही पोफळींवर आधीच गळ दिसली.

ही शेवटची ओळ कामाच्या पोटातल्या लॉगबुकात आपणहून आली नसती. आणि ती त्या दिवसाखाली आहे म्हणून त्याच दिवसाच्या इतर नोंदींच्या शेजारी आहे: पंपाची दुरुस्ती, मजुरीचे पैसे, आईच्या गोळ्या आणल्या. हिशेब लिहिताना मला खर्चाची तारीख आणि कामाची तारीख समोरासमोर ठेवता येते.

कोणी म्हणेल की अजेंड्यात, म्हणजे ऑर्गच्या दिवसवार यादीत, लॉग दाखवण्याची सोय आहे, मग वेगळा संग्रह कशाला? आहे, आणि मी ती वापरते. अजेंड्यात एल दाबलं की त्या दिवशी बंद झालेली कामं दिसतात, आधी कंट्रोल-यू दिलं तर स्थितीचे सगळे बदल दिसतात, आवर्तनवाल्या कामांचेसुद्धा. चालू आठवड्यासाठी ते पुरेसं आहे. पण तिथे टिपण दिसत नाही, आणि सगळा इतिहास चालू फाइलीत साठवून ठेवावा लागतो. लॉगबुक मी पूर्ण रिकामं करत नाही, याला कारण वेगळं आहे. सवयी म्हणून लावलेल्या कामांचा रंगीत पट्टा ऑर्ग लॉगबुक वाचूनच काढतं, आणि काही बदललं नसेल तर मागचे २१ दिवस बघतं. तेवढं मागे ठेवून बाकीचं मी छाटते. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीचा पट्टा त्यामुळे शाबूत राहतो.

खरं तर हे सगळं आमच्या घरात आधीपासून होतंच, कालनिर्णयच्या रूपाने. गॅस कधी लावला, दूध किती दिवस आलं नाही, पाडेल्याला किती दिले, हे आई-बाबांनी वर्षानुवर्षं त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहिलंय. काम पुढच्या महिन्यात पुन्हा येईल ते येवो, झालेलं त्याच्या चौकोनात बसलं. बाबांनी जुनी कॅलेंडरं टाकलेली नाहीत, माळ्यावर गुंडाळून ठेवलीयत, आणि मी ती आता थोडी थोडी संग्रहात उतरवतेय. ऑर्गच्या कॅप्चरला, म्हणजे पटकन नोंद टिपण्याच्या सोयीला, डेटट्रीचं ठिकाण देऊन 'आधी तारीख विचार' असं सांगून ठेवलं की जुनी नोंद जुन्याच दिवसाखाली जाते. कडेला पेन्सिलीने लिहिलेलं काही वाचता येत नाही तेव्हा मी बाबांना हाक मारते, ते चष्मा लावून येतात, आणि एका नोंदीवर अर्धा तास जातो. तो वेळ मला आवडतो.

तारखेच्या या रचनेला एके ठिकाणी आपल्याकडे मर्यादा पडते, ती म्हणजे तिथी. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. एक वर्षाचं आवर्तन इथे कामाचं नाही, आणि ईमॅक्सच्या कॅलेंडरात हिब्रू, इस्लामी, चिनी, अगदी माया पंचांगसुद्धा आहे, पण आपलं नाही. म्हणून चवथीच्या कामांची तारीख मी दर वर्षी पंचांग बघून हाताने घालते. संग्रहात ती कामं वेगवेगळ्या महिन्यांत विखुरतात, त्यांना 'चवथ' हा टॅग लावलाय, टॅगवर शोधलं की सगळी वर्षं एकाखाली एक येतात. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांची, यादी तिथे बघायला मिळते: आंबाडे कोणाकडून आले, तोरिंजन कुठे मिळालं, कांगलां त्या वर्षी रानात लवकर पिकली होती का. चवथ ऑगस्टमध्ये आली की काय मिळत नाही, हे त्या यादीवरून दिसतं, म्हणून लवकरच्या चवथीला मी आधीच शेजारी निरोप देऊन ठेवते.

न झालेल्या खेपांचंही मी हेच करते. 'राहिलं' ही स्थिती मी 'झालं'च्याच बाजूला ठेवलीय, म्हणजे ऑर्गच्या लेखी काम बंद होतं आणि आवर्तन पुढे सरकतं. फंक्शन तीही प्रत संग्रहात टाकतं, आणि मी कारण एका ओळीत लिहिते: पाडेली आला नाही, मोटर जळली, सलग पाऊस. शिंपण्याच्या बाबतीत ही नोंद सगळ्यात जास्त वाचली जाते. एप्रिलमध्ये पाटाचं पाणी कमी होतं तेव्हा कुठल्या पाळ्या चुकल्या आणि किती दिवसांनी पाणी फिरलं हे बाबा मला संग्रहातून वाचून दाखवायला सांगतात, आणि त्यावरून या वर्षीच्या पाळ्या ठरवतात.

संग्रहाची फाइल मी वर्षागणिक वेगळी करते, कारण एकाच फाइलीत सगळी वर्षं ठेवली की मोबाइलवर ती उघडायला वेळ लागतो. सगळ्या फाइली गिटमध्ये, म्हणजे फाइलींचे बदल जपणाऱ्या प्रोग्राममध्ये, आहेत, एक प्रत पणजीच्या खोलीत, एक सावईवेऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर. ज्यांना फंक्शन हवं असेल त्यांनी कळवा, धाडून देईन. त्यातली स्थितीची नावं मराठीत आहेत, ती तेवढी आपापल्या फाइलीप्रमाणे बदलून घ्या.